इतर हक्क

महाविद्यालयाच्या वार्षिकात 'कॉपी' या विषयावर लिहायचे म्हणजे प्राध्यापकांच्या भुवया उंचावणार, हे मला ठाऊक आहे. पण ती परीक्षेच्या हॉलमधली कॉपी नव्हे. त्या कॉपीत मजकूर दुसऱ्याचा असतो आणि वर नाव आपले असते. मी म्हणतो त्या कॉपीत मजकूर जसाच्या तसा उतरतो, काना-मात्रेचाही फरक पडत नाही, आणि तरीही काहीतरी मागे राहून गेलेले असते.

कड्याच्या बसस्थानकाजवळ माझ्या चुलतभावाचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. तास संपले की मी तिथे जाऊन बसतो. मध्यंतरी एका लहानशा संस्थेच्या लेखनिक बाई तिथे आल्या. संस्थेचे नाव सांगत नाही, कोणी विचारूही नये. त्यांच्या कार्यालयात चार माणसे मिळून एकच संगणक वापरीत. त्यावर लिनक्स होते. प्रत्येकाचे खाते वेगळे, परवलीचा शब्द वेगळा. संगणक थकला, तेव्हा कोणा हुशार माणसाने सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि विंडोजच्या नव्या संगणकावर एका फोल्डरमध्ये ओतल्या. एकही फाईल हरवली नाही. सगळे खूश. आठ-दहा दिवसांनी बाईंच्या लक्षात आले, की त्यांनी दीर्घ रजेच्या अर्जात आपल्या आजाराचे जे नाव लिहिले होते, ते चहाच्या टपरीपर्यंत पोचले आहे.

बाई चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "दादा, माझ्या खात्याला पासवर्ड होता ना हो?" एवढेच त्यांनी विचारले.

"होता ना, ताई," दादा म्हणाला, "पण तो जुन्या घराच्या दाराला होता."

त्या गेल्यावर मी खोदून विचारले. दादा शिकवायला लागला की आमच्या घरच्या बोलीत शिकवतो. "आरं, फाईलचं कुलूप फाईलीच्या पोटात नसतंय. ते घराच्या वहीत लिव्हलेलं असतंय. तू फाईल उचलली, वही तिथंच ऱ्हायली."

ही वही म्हणजे काय, ते मी मग नीट समजून घेतले. युनिक्स ही प्रणाली 1969 मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. लिनक्स तिच्याच वळणावर घडले. तिथे एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे, हे आरंभापासून गृहीत होते. म्हणून प्रत्येक फाईलसाठी एक वेगळी नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. फाईलचा मालक कोण, तिचा गट कोणता, आणि मालक, गट व इतर या तिघांपैकी कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी चालवावे, हे त्या नोंदीत असते. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचे 1, अशी बेरीज करायची. 644 म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी नुसते वाचावे. बाईंचा अर्ज 600 होता: मालकाला 6, बाकी सगळ्यांना शून्य.

पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट नावाची मांडणी असते. तिचा जन्म 1977 च्या सुमाराचा, फ्लॉपी तबकड्यांसाठी. एक माणूस, एक यंत्र, एक तबकडी. तिथे मालकी विचारणार कोण? त्यामुळे मालकाचे नाव लिहायला तिच्यात रकानाच नाही. नोंद पुसली गेली असे म्हणणेही चूक आहे. ती लिहायला जागाच नव्हती. पुढे विंडोजमध्ये 1993 पासून एनटीएफएस ही मांडणी आली. तिच्यात मालकी आहे, हक्कांची लांबलचक यादी आहे, पण ती लिनक्सच्या तीन आकड्यांसारखी नव्हे. शिवाय तिथे कॉपी केलेली फाईल ज्या फोल्डरमध्ये जाते त्याचे हक्क घेते. परक्या घरात गेलेल्या फायलीला त्या घराची रीत लागते म्हणा ना.

हे ऐकताना मला आमची आजी आठवत होती. तिला अक्षर येत नव्हते, पण कोणी सातबारा आणला की ती पहिला प्रश्न विचारी, "इतर हक्कात काय हाय?" गाव नमुना सातचे सरकारी नावच मुळी 'अधिकार अभिलेख पत्रक'. त्यावर जमिनीचे क्षेत्र असते, भोगवटादाराचे नाव असते. पण विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, कुळ, हे सारे 'इतर हक्क' या रकान्यात. आमच्या एका नातलगांचा हस्तलिखित उतारा संगणकावर उतरला, तेव्हा क्षेत्र आले, नाव आले, पीकपाणी आले; विहिरीतला सामाईक हिस्सा तेवढा आला नाही. जमीन तीच, आकार तोच. पाणी मात्र कागदावरून नाहीसे झाले. अशा लेखनाच्या चुका दुरुस्त करायला 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात कलम 155 आहे. पण चूक दाखवायची तर जुना कागद हवा. सुदैवाने त्यांच्या पेटीत सगळ्या रकान्यांसह जुनी नक्कल होती, म्हणून निभावले. नाहीतर आपल्या मराठवाड्यात माणसे 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जातात.

आणखी एक साम्य. लिनक्सच्या नोंदीत मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. एका यंत्रावर 1001 म्हणजे लेखनिक बाई. त्याच नोंदी दुसऱ्या लिनक्स यंत्रावर नेल्या, तर तिथला 1001 भलताच कोणी निघेल, आणि बाईंच्या फायली बिनबोभाट त्याच्या मालकीच्या होतील. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हाची भांडणे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सर्व्हे नंबर 12 आणि गट नंबर 12 हे एकच शेत समजणारा माणूस कोर्टाची पायरी चढतोच.

यावर उपाय जुना आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत. कागद कोणत्या रुमालातला, हे सुटले की त्याचा अर्धा अर्थ सुटतो. युनिक्सवाल्यांनीही असाच रुमाल केला, त्याचे नाव टार. मूळचा तो चुंबकीय फितीवर साठवण करण्यासाठी होता. टारमध्ये फायली बांधताना प्रत्येकीसोबत मालकाचे नाव, क्रमांक आणि हक्कांचे आकडेही बांधले जातात. हा रुमाल खुशाल फॅटच्या पेन ड्राइव्हवर ठेवावा. तिला ती एकच फाईल दिसते, आत काय आहे याची ती चौकशी करीत नाही. मात्र फॅट-32 असेल तर एक फाईल 4 जीबीहून मोठी चालत नाही, तेव्हा गाठोडे फोडून न्यावे लागते. आणि रुमाल वाटेत सोडायचा नाही. सोडायचा तो लिनक्सच्या घरी, तोही मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने. साध्या खात्याने सोडला, तर सगळ्या फायली सोडणाऱ्याच्याच नावावर होतात.

बाईंच्या नव्या संगणकावर विंडोज होते, तिथे ते जुने आकडे लावता येणार नव्हते. दादाने जुनी डिस्क दुकानातल्या लिनक्सला जोडली. ती कुरकुरत होती, पण वाचता येत होती. आधी टार बांधला. मग फाईलवार कोणाला कोणता हक्क, याची यादी छापून काढली. ती अकरा पाने झाली. नव्या संगणकावर त्याने चौघांची चार खाती उघडली, चार फोल्डर केले, यादी पाहून प्रत्येकाचे हक्क आधी लावले आणि मगच फायली आत सोडल्या, म्हणजे त्या घराची रीत त्यांना आपोआप लागावी. ओतलेला जुना ढीग शेवटी पुसला. याला दोन संध्याकाळी गेल्या. संस्थेचे गृहस्थ बिल पाहून म्हणाले, "नुसत्या कॉपीला एवढे पैसे?" दादाने काही न बोलता ती अकरा पाने त्यांच्यापुढे ठेवली.

जे वाचले गेले ते कोणत्याही आकड्याने परत झाकता येत नाही, हे बाईंनाही कळत होते. त्या विषयावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दादा लोकांच्या लग्नाच्या चित्रफितीसुद्धा वर्षानुवर्षे दुकानातल्या डिस्कवर सांभाळून ठेवतो. कधी कोणाची हरवली तर द्यायला बरी. या वेळी मात्र त्याने टारची आपल्याकडची प्रत बाईंच्या समोर पुसली, जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरा बांधला आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पिशवीत अगदी तळाशी ठेवली आणि वर भाजी घेऊन त्या आष्टीच्या गाडीला गेल्या.