बावीस सेंटीमीटरचे आठ पाय

सध्या आमच्या डर्बीच्या घरात जिथे बघावं तिथे ऑक्टोपस आहेत. सोफ्यावर तीन, फ्रीजवर दोन, आणि एक अर्धवट, पाय फुटायचे बाकी असलेला, आईच्या पर्समध्ये. सगळे सुती दोऱ्याचे, क्रोशाने विणलेले, लिंबाहून थोड्या मोठ्या डोक्याचे.

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली आहे. इकडे आलेल्या आयांचं काय होतं ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पहिला महिना कौतुकात जातो, दुसऱ्यात घरातले सगळे डबे घासून होतात, आणि तिसऱ्यात ती खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्या कुत्र्यांना नावं ठेवायला लागते. आमच्याकडे तिसरा महिना उजाडायच्या आत लायब्ररी सापडली. तिथे दर बुधवारी दहा-बारा बायका विणायला जमतात. आईला इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी येत नाही, पण पहिल्याच दिवशी तिने समोरच्या बाईच्या हातातली सुई काढून घेतली, चार टाके उसवले, परत घातले आणि सुई परत दिली. बाई खूश. तेव्हापासून बुधवार पक्का झाला.

त्या बायका इथल्या इस्पितळासाठी ऑक्टोपस विणतात. दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली बाळं असतात, त्यांच्या शेजारी हा ठेवायचा. ही कल्पना मूळची डेन्मार्कची, २०१३ सालची. इंग्लंडमध्ये तिचा बोलबाला झाला तो २०१७ मध्ये, पूल नावाच्या गावच्या इस्पितळाने असे ऑक्टोपस वापरायला सुरुवात केली तेव्हा. सांगतात असं, की ऑक्टोपसचे पाय हाताला नाळेसारखे लागतात, त्यामुळे बाळ शांत होतं आणि नाकातली नळी ओढायच्या ऐवजी पाय धरून बसतं.

यावर माझं काय म्हणणं आहे ते पुढे येईलच. आधी विणकाम, कारण मला खरी मजा त्यात आली.

क्रोशा आपल्याला नवा नाही. टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण, तांब्याभांड्यावरची मणी लावलेली झाकणं... ज्यांच्या घरी यातलं काहीच नव्हतं त्यांनी हात वर करावा. पण ते सगळं सपाट काम. भरीव प्राणी करायचा तर एका कड्यात सहा मुके खांब घालून सुरुवात करतात. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवायचे. सहाच का? मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो. म्हणजे दर फेरीला त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पायने, म्हणजे ६.२८ ने वाढतो. पाव टाका घालता येत नाही, म्हणून सहा. मी हे कागदावर काढून आईला दाखवलं. ती म्हणाली, "सहाच घालायचे. पाच घातले की वाटी होते, आठ घातले की झालर. यात कागद कशाला?"

पायांची गंमत तर त्याहून भारी. पन्नास साखळ्या घालायच्या आणि परत येताना प्रत्येक साखळीत दोन-तीन टाके कोंबायचे. एक कड लांब, दुसरी आखूड, त्यामुळे पट्टी सरळ राहूच शकत नाही, ती आपोआप स्प्रिंगसारखी गुंडाळते. हेच तंत्र वापरून कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हायपरबोलिक पृष्ठभाग विणून दाखवला. कागदाचे नमुने फाटायचे, लोकरीचा विद्यार्थ्यांच्या हातात देता आला.

आणखी एक गोष्ट, माझ्यातल्या मेकॅनिकल इंजिनियरला सलणारी. दोन सुयांचं विणकाम यंत्राने करायला सुरुवात झाली ती १५८९ मध्ये, विल्यम ली नावाच्या माणसाने केलेल्या मोजे विणायच्या यंत्रापासून. त्याचं गाव कॅल्व्हर्टन, इथून गाडीने तासाभराच्या आत. आज सव्वाचारशे वर्षांहून जास्त झाली, तरी क्रोशाचं काम करणारं यंत्र कारखान्यात आलेलं नाही. प्रयोगशाळेत खटपटी चालू आहेत, पण बाजारात दिसणारी खऱ्या क्रोशाची प्रत्येक वस्तू कुणीतरी हातानेच केलेली असते. दुकानात तसला टॉप फारच स्वस्तात मिळाला तर त्या हाताला काय मिळालं असेल याचा हिशोब करून बघा.

असो. इस्पितळाच्या अटी मात्र यंत्राच्या ड्रॉइंगसारख्या कडक आहेत. दोरा शंभर टक्के सुती. पाय ताणून मोजला तर २२ सेंटीमीटरच्या वर नको, नाहीतर गळ्याभोवती गुंडाळायची भीती. डोळे दोऱ्याने भरलेले, बटण किंवा मणी नाही. ६० अंशांच्या पाण्यात धुऊन टिकला पाहिजे. आणि वीण इतकी घट्ट, की आतला कापूस दिसता कामा नये. इथे एक घोळ होतो. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. नमुना एकीकडचा आणि विणणारी दुसरीकडची असली की खांब उंच होतात आणि जाळी पडते. आई या भानगडीतून सुटली, कारण मी वाचून दाखवायचो आणि ती चित्र बघून म्हणायची, "मुका खांब." विषय संपला. पट्टी मात्र तिने माझी घेतली, स्टीलची, आणि प्रत्येक पाय ताणून मोजते. साडेबावीस भरला तर उसवते.

आता माझं म्हणणं. नाळेची गोष्ट मला पटत नाही. तळहाताला काहीही लागलं की मूठ मिटायची ही प्रतिक्षिप्त क्रिया बाळात जन्माच्या कितीतरी आधीपासून असते. मग ऑक्टोपसचा पाय काय आणि कापडाची सुरळी काय! तुर्कस्तानात वगैरे छोटे अभ्यास झालेत, पण मूठभर बाळांवरचे. बरं, घरी नेल्यावर तर पाळण्यात तो ठेवायचाच नसतो, वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपताना मऊ खेळणी नकोत असंच इथे सांगतात. हे सगळं मी त्या गटातल्या एका निवृत्त नर्सबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी चष्मा खाली केला आणि म्हणाल्या, पुराव्याचं बोलायचं तर तुझंच खरं आहे. पेटीपाशी बसलेल्या आईला करण्यासारखं काही नसतं, तेव्हा हा एक दिवस तिच्या अंगाशी ठेवून मग बाळाजवळ द्यायचा, तेवढं तिला करता येतं. बाळाला खरं हवं असतं ते वेगळंच, असंही म्हणाल्या.

ते वेगळं म्हणजे आईची छाती. त्याला मात्र पुरावा आहे, आणि चांगला भक्कम आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टर एडगर रे यांनी पेट्या पुरेनात म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्यालाच कांगारू मदर केअर म्हणतात. तेव्हा आणि नंतरही पद्धत अशी होती की बाळ आधी यंत्राखाली स्थिर करायचं आणि मग आईकडे द्यायचं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या इस्पितळांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली ३,२११ बाळं. स्थिर व्हायची वाट पाहिलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांत १५.७ टक्के गेली, जन्मल्याबरोबर छातीशी दिलेल्या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला.

हे मी त्या रात्री जेवताना आईला सांगितलं. आकड्यांसकट, माझ्या सवयीप्रमाणे. तिने ताट बाजूला केलं, सुई घेतली आणि एक अख्खी फेरी पूर्ण केली. मग म्हणाली, "एकाहत्तर साली आम्हाला हात लावू दिला नव्हता."

माझ्या आधी एक मुलगी झाली होती आणि राहिली नाही, एवढं मला माहीत होतं. सातव्या महिन्यात झाली होती आणि तीन दिवस होती, हे आत्ता कळलं. कापसात गुंडाळून वेगळ्या खोलीत ठेवलेली. आई दाराशी उभी राहायची. "जंतू लागतील म्हणाले. डॉक्टर चांगले होते रे, त्यांनी खूप केलं." ते खरंही असणार. तेव्हा जगभर हीच रीत होती, इंग्लंडातसुद्धा आईबापांना काचेबाहेरूनच बाळ दाखवायचे. मी तिला हे सांगितलं. तिने मान हलवली. मग मला विचारलं, "ती दिल्लीची बाळं किती वजनाची म्हणालास?"

मी परत सांगितलं. तिने आणखी काही विचारलं नाही, मीही नाही.

पुढच्या बुधवारी नर्सबाईंकडून तिने दुसरं काम मागून आणलं, विणलेले चौकोन. एक आईच्या अंगाशी, एक बाळाजवळ, आणि रोज अदलाबदल, म्हणजे एकमेकींचा वास राहतो. ऑक्टोपसपेक्षा हे पटकन होतं असं तिचं मत पडलं. पण ऑक्टोपसही चालू आहेतच, कारण दोरा उरलाय.

सप्टेंबरात ती परत साताऱ्याला जाईल. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा वेगळा कक्ष असतो, बऱ्याच ठिकाणी कांगारूसाठी आरामखुर्च्याही असतात, हे मी तिला सांगून ठेवलंय. तिथे चौकोन घेतील का, आणि ६० अंशांचं पाणी त्यांच्याकडे असतं का, एवढं सुट्टीत फोन करून विचारायचं काम माझ्याकडे आलं आहे.