पऱ्हाटीतून गेलेला वाघ

डिसेंबर २०१९. बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात एक पाहुणा दाखल झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्याने यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य सोडले होते, आणि सुमारे पाच महिन्यांत तो तब्बल १३०० किलोमीटर चालला होता. वनखात्याच्या नोंदीत त्याचे नाव सी-१, म्हणजे टी-१ या वाघिणीचा बछडा. पुढे जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले.

ही वाट माणसाला कळली ती एका पट्ट्यामुळे. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली होती. वाघ आपले जन्मस्थान सोडून नव्या मुलखाकडे कसे जातात याचा अभ्यास डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. बिलाल हबीब महाराष्ट्र वनविभागाच्या साथीने करत होते. हबीब यांच्या संशोधनाची सुरुवात वाघापासून झालेली नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठासाठी लिहिलेला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध सोलापूरकडच्या माळढोक अभयारण्यातील लांडग्यांवर आहे. लांडगा हा माळरानाचा, मेंढपाळांच्या वाटेवरचा प्राणी. अभयारण्याची हद्द त्याच्या लेखी नसतेच. ज्याने तरुणपणी लांडग्यांचा माग काढला, त्याला शेतशिवारातून चालत जाणाऱ्या वाघाचे इतरांहून कमी आश्चर्य वाटले असेल.

पण मुळात इतके चालावे का लागले? टिपेश्वरचे क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर; वयात आलेल्या नराला तेथे स्वतःचा मुलूख मिळणे कठीण, हे उत्तर बरोबरच आहे. मात्र ते अर्धेच आहे. दोन जंगलांच्या मध्ये एवढे मोठे अंतर कसे पडले, हा प्रश्न इतिहासाच्या दप्तरातला आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे तीन पट्टे पडतात. उत्तरेला सातपुड्याची कड, मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे पठार. जुन्या कागदांतून वऱ्हाडाची विभागणी अशीच आढळते : मेळघाट, पयनघाट, बालाघाट. मलकापूर, खामगाव पयनघाटातले; चिखली, मेहकर बालाघाटातले. खामगावहून बोथ्याच्या जंगलातून बुलढाण्याकडे चढताना लागते ते ज्ञानगंगा नेमके या दोहोंच्या सांध्यावर आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, पडीक व गायरान जमिनी नांगराखाली येऊ लागल्या. याच दशकात मुंबई–नागपूर रेल्वेमार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वे-फाट्याचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, यावरून कापसाचे वजन कळावे. (दोनच वर्षांनी अंदमानात शेर अलीने ज्याला मारले, तोच हा मेयो.) कापसाने वऱ्हाडची कुरणे आणि राने कशी गिळली याची सविस्तर मांडणी लक्ष्मण सत्या यांच्या ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात आहे. तेथे केंद्रस्थानी माणूस आणि त्याची गुरे आहेत. वाघासाठी वेगळे दप्तर कोणी ठेवले नव्हते.

पयनघाट काही १८५३ पूर्वी अरण्य नव्हता. तेथे शेती फार जुनी. परंतु शेतांच्या मधली झुडपी, नदीकाठची राने, गावांमधले मोकळे माळ हे सांधे त्या काळात उसवू लागले. राने उरली ती प्रामुख्याने डोंगराच्या अंगावर, जेथे माती पातळ आणि कापूस नकोसा. आजच्या अभयारण्यांचा नकाशा पाहिला तर वाघाच्या आवडीपेक्षा कापसाची नावडच त्यावर अधिक स्पष्ट उमटलेली दिसते.

आणि येथेच या कहाणीचा खरा नवलाचा भाग आहे. वॉकर निघाला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. पुढचे महिने तो नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशा जिल्ह्यांतून आणि काही काळ तेलंगणातूनही चालत राहिला. दिवसा दडायचे, रात्री निघायचे. पोटासाठी रानडुकरे, कधी गुरे. पीक वाढले तसे त्याला लपणही मिळत गेले. हिवाळ्यात उंच वाढलेल्या पऱ्हाटीने त्याला आडोसा दिला. ज्या पिकाने जंगलांमधले सांधे तोडले, त्याच पिकाच्या सरींतून वाघाने आपली वाट जोडून घेतली. नऊ महिन्यांच्या या भटकंतीत माणसाशी संघर्षाचा एकच प्रसंग नोंदला गेला : तो विसावला होता त्या झुडपात एक जण शिरू पाहत होता, त्यात तो जखमी झाला. शेकडो गावांच्या शिवारांतून वाघ गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. ज्यांची गुरे गेली त्यांना मात्र लागला, आणि या प्रवासाचे कौतुक करताना तो शेतकरी विसरता येत नाही.

ज्ञानगंगेत आल्यावरही तो लगेच स्थिरावला नाही. अवतीभवती हिंडून, मार्च २०२० पर्यंत त्याने अखेर तेथेच बस्तान बसवले. एप्रिलमध्ये, देश टाळेबंदीत असताना, त्याची कॉलर काढण्यात आली. तोवर उपग्रहाने टिपलेली स्थाने ५००० हून अधिक आणि एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर झाली होती.

ज्ञानगंगा २०५ चौरस किलोमीटरचे. बिबटे, नीलगायी, चितळ, रानडुकरे, मोर सगळे आहे. पण २०२० मध्ये वाघ तो एकटाच होता. येथे एखादी वाघीण आणून सोडावी काय, यावर वनखात्यात विचार सुरू झाला. उत्तरेला अंबाबरवा आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग, त्याच जिल्ह्यातला. मध्ये आडवा येतो तो पयनघाट : पूर्णा, महामार्ग, १८६० च्या दशकातली तीच रेल्वे, आणि पऱ्हाटी.