नळदुर्गचे नर-मादी आणि आमचा ओढा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिलाय? आमच्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एकही हात वर आला नाही. आमची शाळा धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात. इथून समुद्र कुठल्याही बाजूला गेलात तरी शेकडो किलोमीटर लांब. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, समुद्र नाही बघितला, पण समुद्राचा पाऊस बघितलाय की!"

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. 2020 च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. 13 तारखेला तो आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला. तिथून तेलंगण ओलांडून तो दुसऱ्याच दिवशी आमच्या डोक्यावर येऊन बसला. सोयाबीन पाण्यात गेलं, ओढ्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या. जिथं काळी माती होती तिथं नुसता मुरूम उघडा पडला. आणि 2025 च्या सप्टेंबरात तर परंडा, भूम भागात असा पूर आला की माणसांना काढायला हेलिकॉप्टर मागवावं लागलं.

हे ऐकून पुण्या-मुंबईची मुलं म्हणतील, "अहो, धाराशिव म्हणजे तर दुष्काळी जिल्हा ना?" तेही खरं आहे. आमच्याकडे वर्षाचा पाऊस साधारण 700 ते 750 मिलिमीटर. मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. मार्चपासून आमची शाळा सकाळची भरते, आणि दुपारी घरी जाताना आज्या नातवंडांच्या खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणजे कधी टँकरच्या मागं पळायचं आणि कधी पाण्यापासून पळायचं. आमच्या भागाची ही तऱ्हाच आहे.

तर त्या वर्षी उत्तरा नक्षत्र लागलं होतं. नळदुर्गचे नर-मादी सुरू झाल्याची बातमी आली आणि मुलांनी माझ्यामागं टुमणं लावलं. शेवटी एस.टी.ची गाडी ठरवली. मुलं एकतीस, आम्ही शिक्षक दोघं. निघण्याआधी मुलांनी शाळेच्या अंगणात सरळ उभ्या बाजूंची एक काचेची बरणी ठेवली. पट्टीनं तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या होत्या. हा आमचा पर्जन्यमापक! फक्त बरणी झाडाखाली किंवा पत्र्याच्या कडेला ठेवायची नाही, नाहीतर पागोळीचं पाणी मोजाल.

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. किल्ला प्रचंड. शंभराहून जास्त बुरूज, आणि तटाला वळसा घालून वाहणारी बोरी नदी. पण खरी गंमत किल्ल्याच्या आत आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, या नदीवर दगडी बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल बांधला. त्याचं नाव पाणीमहाल. बंधाऱ्याच्या माथ्यावर पाणी सांडायला दोन वाटा ठेवल्या आहेत. एकीतून पडतो तो नर, दुसरीतून पडते ती मादी. वरचं बोरी धरण भरून सांडलं तरच हे दोघे वाहतात. पाऊस नसेल त्या वर्षी नुसते कोरडे दगड बघून परत यायचं.

आम्ही पायऱ्या उतरून महालात गेलो. बाहेर गुलाबासारखं ऊन होतं, आत एकदम गार. समोरच्या सज्जातून पाहिलं तर पाणी डोक्यावरून येऊन पुढं कोसळतंय आणि आपण कोरडे! आवाज एवढा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागत होतं. मुलांच्या अंगावर तुषार उडत होते. एक मुलगा भिंतीला हात लावून म्हणाला, "बाई, भिंत हलायलीय!" भिंत हलत नव्हती, पाण्याची थरथर त्याच्या तळहाताला कळत होती. चारशे वर्षांहून जास्त काळ ही भिंत असे पूर अंगावर घेतेय. का टिकली? बांधणाऱ्यांनी पाण्याला अडवलं, पण कोंडलं नाही. जास्तीचं पाणी कुठून जाणार हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

भाकरी खाऊन झाल्यावर आम्ही उपळी बुरुजावर चढलो. हा किल्ल्यातला सर्वांत उंच बुरूज, वर तोफा आहेत. तिथून सगळं शिवार दिसतं. दुपारी तीनचा सुमार. उकाडा असा की अंगाला कपडे चिकटत होते, पान हलत नव्हतं. आणि आग्नेयेला एक ढग वाढत होता.

मुलांनो, हा ढग वाढताना एकदा तरी निवांत बघा, अर्थात घरातून. आमचा काळा खडक आणि काळी माती दिवसभर तापते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. हवेत समुद्रावरून आलेली वाफ असली, तर वर थंडीत तिचे थेंब होतात, थेंब होताना उष्णता बाहेर पडते आणि ती हवा आणखी जोरात वर जाते. सकाळचा कापसाचा पुंजका दुपारी दहा-बारा किलोमीटर उंच डोंगर होतो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा दिसायला लागला की ओळखायचं, आता काही खरं नाही. त्याच्या पोटात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर घासतात आणि वीज साठते.

लांबवर वीज चमकली. मी मुलांना मोजायला लावलं. एक, दोन, तीन... एकवीसला गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. एकवीसला तीननं भागा. "सात किलोमीटर!" सगळे ओरडले. पुन्हा चमकली. बारा. "चार किलोमीटर!" मुलांना मजा वाटत होती. आणि खरं सांगते, मलाही गणिताचा तास छान रंगला असं वाटत होतं.

इथंच माझी चूक झाली. चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर आपण विजेच्या टप्प्यात आलेलो असतो. म्हणजे एकवीस मोजलं तेव्हाच आम्ही खाली असायला हवं होतं. आणि मी तर मुलांना घेऊन उघड्यावर, सर्वांत उंच जागी, तोफांशेजारी उभी होते! माझे सहकारी गुरुजी खालून हातवारे करत आले तेव्हा मी भानावर आले. धडाधड पायऱ्या उतरून सगळ्यांना एस.टी.त बसवलं. चिंचेखाली थांबायचा काही जणांचा विचार होता, पण उंच झाड म्हणजे विजेला आमंत्रणच. बंद गाडी त्यापेक्षा पुष्कळ बरी.

मग जो पाऊस सुरू झाला! दोन तास काचेतून काही दिसेना.

आमच्या गावाच्या अलीकडे एक ओढा आहे आणि त्यावर फरशी पूल. फरशी पूल म्हणजे ओढ्याच्या पात्रात टाकलेली सिमेंटची फरशी, तिला कठडा नसतो. एरवी ओढ्यात म्हशीसुद्धा बसत नाहीत, इतकं कमी पाणी. पण खाली कातळ, वर मातीचा पातळ थर, त्यामुळं माळावरचं सगळं पाणी तासाभरात ओढ्यात येतं. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि फरशीवरून चहाच्या रंगाचं पाणी धावत होतं. पलीकडे आमची मुलांची घरं, हातात बॅटऱ्या घेतलेले आईबाप.

"गुडघ्याइतकंच पाणी हाय! आणा की गाडी!" एक वडील पलीकडून ओरडले. "पोरं सकाळपासनं भाईर हायती!"

मुलं रडायला लागली. ड्रायव्हरकाका माझ्याकडे बघत होते. खरंच, पाणी गुडघ्याइतकंच असावं. आणि घर तर समोर दिसत होतं. तेवढ्यात मेंढ्या घेऊन थांबलेले एक आजोबा खिडकीशी आले. म्हणाले, "बाई, कडंचे पांढरे दगड दिसायलेत का तुमाला?" फरशीची कड कळावी म्हणून दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड असतात. एकही दिसत नव्हता. "मग फरशी हाय का गेली, हे तुमाला कसं कळायचं?"

मी "नको" म्हणाले. दोन फूट वाहतं पाणी मोटारसुद्धा उचलतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या क्षणी पुस्तक आठवलं नाही, आजोबांचं बोट आठवलं. गाडी वळवली. पलीकडचे वडील चिडून बरंच काही बोलले. पाण्याच्या आवाजात सगळं ऐकू आलं नाही, ते बरंच झालं. मागच्या गावातल्या देवळाच्या सभामंडपात आम्ही मुक्काम केला. तिथल्या बायांनी घरोघरून पिठलं-भाकरी आणली. फोनवरून एकेकाच्या आईशी बोलणं करून दिलं, तरी दोन मुलं रात्रभर माझा पदर धरून बसली होती. मीही झोपले नाही. पाणी रात्रीतच उतरलं तर लोक हसतील, असं सारखं मनात येत होतं.

पहाटे पाणी उतरलं. आम्ही ओढ्यावर आलो. फरशीचा खालच्या अंगाचा अर्धा भाग नव्हता. नुसत्या वाकलेल्या सळया वर आलेल्या होत्या. मुलं घोट्याएवढ्या पाण्यातून चालत पलीकडे गेली. काल ओरडणारे वडील तिथंच उभे होते. ते काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावरची मुलांच्या डब्यांची पिशवी त्यांनी काढून घेतली आणि शाळेपर्यंत आणून दिली.

घरी जायच्या आधी सगळी मुलं अंगणातल्या बरणीकडे पळाली. एका महसूल मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात, हे त्यांना पाठ होतं. बरणीत एक बुडालेला टोळ होता आणि पाणी 92 च्या खुणेवर होतं. मागच्या बाकावरची ती मुलगी वाकून म्हणाली, "टोळ काढून परत मोजा, बाई. त्याच्यामुळं वर आलं असंल."

टोळ काढला. 91 भरलं.