चहा, मेंटॉर आणि एक घोळ

गेल्या पावसाळ्यात सहा महिन्यांतला चौथा फ्रेशर सोडून गेला आणि आमच्या एचआरला साक्षात्कार झाला, की आपल्याकडे मेंटॉरशिप प्रोग्रॅम पाहिजे. सुरू कोणी करायचा? मीटिंगमध्ये ज्याने तोंड उघडलं त्याने. म्हणजे अस्मादिकांनी.

मी आपला इंजिनियर माणूस, आधी वाचायला बसलो. मेंटॉर हे मुळात विशेषनाम आहे हे मला ठाऊकच नव्हतं. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला जाताना ज्या मित्राच्या हवाली घरदार करून जातो, त्याचं नाव मेंटॉर. गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः फारसं काही करत नाही. ओडिसियसच्या पोराला खरा धीर देते ती अथीना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन! (आमच्याकडचे काही सीनियर्स आठवले. असो.) मग कॅथी क्रॅम यांचं १९८५ सालचं 'मेंटॉरिंग ॲट वर्क' चाळलं. त्यांच्या मते मेंटॉर दोन प्रकारची कामं करतो. एक करियरला हात देणं, म्हणजे चांगलं काम मिळवून देणं, चार लोकांपुढे नाव नेणं. दुसरं म्हणजे मनाला आधार देणं. मी खूश. दोन कॉलम झाले की!

एक्सेल उघडली. डावीकडे फ्रेशर, उजवीकडे सीनियर, चौदा जोड्या. थेट वधूवर सूचक मंडळ. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास भेटायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्म कोणी भरला नाही हे सांगायला नकोच.

माझ्या वाट्याला लातूरचा एक मुलगा आला. माझ्याच प्रोजेक्टमधला, माझ्याच मॅनेजरच्या हाताखालचा. सोयीचं पडेल म्हणून मीच तसं ठेवलं होतं.

पहिल्या दोन भेटी मीटिंग रूममध्ये झाल्या. तो ताठ बसून 'येस सर, येस सर'. तिसऱ्या वेळी त्याला खाली टपरीवर नेलं. कटिंग हातात आल्यावर गडी खुलला. म्हणाला, "दादा, एक सांगू का? क्लायंट कॉलवर मला निम्मं कळतच नाही. ते लई फास्ट बोलतात. मी नुसती मान हलवतो, मग रात्री रूमवर रेकॉर्डिंग लावून ऐकतो."

मला माझं पहिलं वर्ष आठवलं. एका मर्ज कॉन्फ्लिक्टवर मी दोन दिवस घालवले होते. शेजारच्याला विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम. पण मग 'याला एवढंही येत नाही' असं होईल ना!

त्याच आठवड्यात जेवताना मॅनेजरने सहज विचारलं, "काय रे, तुझा पोरगा कसाय?" आणि मी सगळं सांगून टाकलं. कौतुकानेच हं! किती मेहनत घेतो, रात्री रेकॉर्डिंग ऐकतो वगैरे. मॅनेजरने त्यातलं नेमकं निम्मंच ऐकलं. सोमवारी कॉलच्या इन्व्हाइटमधून पोराचं नाव गायब.

त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. चहाला बोलावलं की "थोडं काम आहे सर" सुरू झालं. दादाचा परत सर झालो. मी माफी मागितली, तर म्हणे, "नाही नाही सर, काहीच नाही." म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

मॅनेजरशी वाद घालून त्याचं नाव परत आणायला तीन आठवडे लागले. मग एक्सेल पुन्हा उघडली. मेंटॉर दुसऱ्या प्रोजेक्टचा, दुसऱ्या मॅनेजरचा. फॉर्म रद्द. भेटले की नाही एवढीच नोंद, काय बोलले याची नाही. एचआर म्हणाली, "मग प्रगती मोजायची कशी?" तिचंही चूक नव्हतं, तिला वर रिपोर्ट द्यावा लागतो. पण अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याच्या कानापर्यंत जाणारी गोष्ट कुठला शहाणा मुलगा सांगेल? मी हटून बसलो, आणि आश्चर्य म्हणजे ते मान्य झालं.

लातूरकराला आता टेस्टिंगमधल्या एक मॅडम मेंटॉर आहेत. दोघांचं काय बोलणं होतं मला माहीत नाही, विचारतही नाही. परवा टपरीवर दोघं दिसले. त्याने लांबून हात केला. मीही केला, आणि कटिंग घेऊन पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.