मूठभर वाळू

परतवाड्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आमच्या गावाच्या उत्तरेला मेळघाटचे डोंगर, दक्षिणेला कपाशी-तुरीची सपाट शेते आणि त्यापलीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. खारे पाणी म्हटले की आम्हां वऱ्हाडकरांना विहिरीचे मचूळ पाणीच आठवते. अशा गावात, आमच्या घराच्या ओसरीवर, समुद्राचा एक लहानसा तुकडा बारा वर्षांहून अधिक काळ नांदत आहे, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

हा समुद्र आमच्या थोरल्या बंधूंनी आणला. लहानपणी वडिलांनी आम्हां दोघांना मुंबईला नेऊन मरीन ड्राइव्हवरचे, 1951 साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. आम्ही घरी येऊन ते विसरलो. बंधू विसरले नाहीत. मुंबईची नोकरी संपवून 2012 साली ते गावी परतले, तेव्हा सामानात चार फूट लांबीची काचेची पेटी होती. तीत सुमारे दोनशे लिटर पाणी मावे. लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने सात किलो समुद्री मीठ त्यांनी गाळलेल्या पाण्यात विरघळवले, तळाशी पांढरी वाळू पसरली, चुनखडीचे सच्छिद्र दगड रचले आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे सोडले. जिवंत प्रवाळ मात्र त्यांनी कधी ठेवले नाहीत. खडक उभारणारे प्रवाळ 2001 सालीच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले होते, आणि "जे समुद्रातून तोडून आणावं लागतं ते आपल्या घरात नको," असे ते म्हणत.

2019 च्या पावसाळ्यात बंधू गेले. मासे राहिले. वहिनी रोज सकाळी त्यांना चिमूटभर खाद्य घालीत आणि पेटीसमोर थोडा वेळ बसत. त्या काय बोलत, हे आम्ही कधी विचारले नाही.

दोन महिन्यांनी आमच्या लक्षात आले की, वाळू तपकिरी पडली आहे आणि काचेलगत काळे डाग दिसत आहेत. स्वच्छतेच्या उत्साहात आम्ही एका रविवारी मासे बादलीत काढले, सारी वाळू घमेल्यात घेतली आणि नळाखाली शुभ्र होईपर्यंत धुतली. पेटी लख्ख दिसू लागली. आम्हांला मोठे समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, पाणी असं पांढरं कायले दिसून राह्यलं?" मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठा मासा तळाशी आडवा पडलेला आढळला. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी तो मासा अंगणातल्या तुळशीपासून दूर, लिंबाच्या बुंध्याशी पुरला. त्या मौनाचे ओझे आम्हांला शब्दांहून जड झाले.

आपण काय केले, हे त्यानंतर समजून घेतले. नागपूरला खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे एक गृहस्थ बंधूंचे स्नेही होते. त्यांनी फोनवर जे सांगितले, ते शाळेतल्या धड्यासारखे आम्ही उतरवून घेतले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विषच. वाळूच्या कणाकणावर आणि दगडांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. 1890 च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू ओळखले. आम्ही जी घाण समजून धुतली, तिच्यातच ही अदृश्य वस्ती होती. नळाच्या गोड्या, क्लोरीनयुक्त पाण्याने ती एका सकाळी संपली. दगड धुतले नव्हते म्हणून निदान एक मासा वाचला. काळे डाग म्हणजे जिथे प्राणवायू पोचत नाही असा थर. तो एकदम ढवळला तर कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. हेही आम्ही केलेच होते.

मग नवी वाळू करायची ठरली. आमच्या सापन आणि बिच्छन नद्यांची वाळू चालेल का, असे आम्ही भाबडेपणाने विचारले. स्नेह्यांनी दोन सोपे प्रयोग सांगितले. वाळूत लोहचुंबक फिरवला, तेव्हा काळे कण त्याला चिकटले. ती काळ्या पाषाणातून झिजून आलेली वाळू. लिंबू पिळले, तेव्हा फेस आला नाही. म्हणजे तिच्यात चुना नव्हता. रीफच्या पेटीला चुन्याची वाळू लागते. ती शिंपल्यांच्या आणि प्रवाळांच्या चुऱ्याची असते. पोपटमासे प्रवाळखडक कुरतडून पोटातून जी पूड बाहेर टाकतात, तिनेही कित्येक बेटांचे पांढरे किनारे बनले आहेत.

अशी वीस किलो कोरडी वाळू मागवली. ती बादलीत थोडी थोडी घेऊन, हाताने ढवळून, गढूळ पाणी ओतून देत नऊ-दहा वेळा धुतली. नवी वाळू निर्जीवच असते, म्हणून तिला नळाचे पाणी चालते. शेवटचे धुणे मात्र गाळलेल्या पाण्याचे. मग ती एका टपात खाऱ्या पाण्यात ठेवली, लहान पंपाने पाणी फिरते केले आणि जिवाणूंना अन्न म्हणून कोळंबीचा एक तुकडा टाकला.

राहिले बीज. स्नेह्यांनी आपल्या जुन्या पेटीतली मूठभर वाळू, ती भिजेल एवढ्याच पाण्यात आणि वर हवा राखून, डब्यात घालून एका परिचिताच्या हाती एसटीने पाठवली. डबा उन्हात ठेवायचा नाही, अशी ताकीद होती. संध्याकाळी परतवाड्याच्या स्थानकावर तो डबा घेताना आमचे हात थरथरत होते. ओली, करडी, फारशी देखणी नसलेली ती वाळू आम्ही नव्या वाळूच्या वरच्या थरात हलक्या हाताने मिसळली.

वहिनी पाहत होत्या. "म्हणजे हे विरजणच हाये म्हणा नं," त्या म्हणाल्या. त्या दिवसानंतर प्रथमच त्या आमच्याशी माशांविषयी बोलल्या. तुरीच्या बियाण्याला पेरणीपूर्वी जिवाणूसंवर्धक चोळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला यात अपूर्व असे काही वाटले नाही.

पाच आठवडे आम्ही वाट पाहिली. रोज पेटीतले चौथाई पाणी बदलून उरलेल्या माशाला जगवले. दर दोन दिवसांनी टपातले पाणी तपासून वहीत आकडे लिहिले. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढले, उतरले. दोन्ही शून्यावर आले तेव्हा, दोन आठवड्यांत थोडी थोडी करून, नळीवाटे ती वाळू पेटीच्या तळाशी सोडली. तिच्यावर तपकिरी साय धरली तेव्हा वहिनी घाबरल्या. पण नव्या वाळूवर असे शैवाल येतेच आणि आपोआप ओसरते. या खेपेस आम्ही ती पुसली नाही.

विदूषक माशांच्या जोडीत मोठी ती मादी असते. ती गेली की मागे राहिलेला नरच मादी होतो, आणि त्याने जोडीचे घर धरून ठेवलेले असते. हे स्नेह्यांनी सांगितले तेव्हा वहिनी बराच वेळ पेटीकडे पाहत राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांनीच लहानसा दुसरा मासा मागवण्यास सांगितले.

हे मासे पाळलेल्या पाण्यात वीस वर्षांहून अधिक जगू शकतात. मागच्या महिन्यात वाळू पुन्हा थोडी काळवंडली. आम्ही बाही सरसावून उठलो, तो वहिनींनी हात धरला. "एका कोपऱ्यातलीच काढा. बाकीची राहू द्या. त्यांच्या हातची थोडी त्या दगडांत हायेच." आम्ही वाटीभरच वाळू काढली.