चिखलदऱ्याचा घाट आणि मागच्या चाकाची हवा

मोठ्या वहिनींना चिखलदरा दाखवावे, ही माझ्या पुतण्याची जुनी इच्छा. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि कडक चौविहार. उकळलेले पाणी, घरचा शिधा, सूर्यास्तापूर्वी जेवण या तीन गोष्टींमुळे त्यांचा प्रवास गेली अनेक वर्षे नातेवाइकांच्या घरांपुरता उरला होता. हॉटेलातल्या 'जैन थाळी'वर त्यांचा विश्वास नाही. खरे सांगायचे तर माझाही बेताचाच आहे. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून पुतण्याच्या डोक्यात फिरत्या घराने ठाण मांडले. गेल्या वर्षी त्याने मोटारीमागे जोडून ओढत नेता येईल अशी एक छोटी कॅराव्हॅन घेतली. एक आस, दोन चाके, आत दोन बिछाने आणि ओटा. ओटा पाहिल्यावर वहिनी प्रथमच म्हणाल्या, "मग येते मी."

कागदपत्रे तपासण्याचे काम सवयीने माझ्याकडे आले. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला घरातले लोक निवृत्त होऊ देत नाहीत. विमा आणि नोंदणी पाहून झाल्यावर मी पुतण्याला विचारले, "मागच्या चाकांची हवा कमी झाली, तर तुला पुढे बसून कळणार कसे?" तो म्हणाला, "काका, आरशात दिसेल की."

आरशात दिसत नाही, हे मला ठाऊक होते. ते कसे ठाऊक झाले, हे आधी सांगायला हवे.

१९८९ साली मी परतवाड्याच्या शाखेत क्षेत्र अधिकारी होतो. त्या भागात संत्र्याच्या बागा, कापूस, आणि त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉलीची कर्जे पुष्कळ. वर्षातून एकदा तारण वाहनाची पाहणी करून फॉर्म भरायचा असे. एका कर्जदाराच्या ट्रॉलीची पाहणी मी केली, टायरवर नक्षी शिल्लक आहे एवढे पाहिले आणि टायरच्या रकान्यात 'ठीक' असा शेरा मारला. हवा पाहिली नाही. तसा रकानाच नव्हता. तिसऱ्या दिवशी संत्री भरून निघालेल्या त्या ट्रॉलीचा टायर उतारावर फुटला आणि ट्रॉली कलंडली. हवा बरीच आधीपासून उतरत होती, हे नंतर मेकॅनिकने रिमवरच्या खुणा दाखवून सांगितले. ट्रॅक्टरवाल्याला शेवटच्या क्षणापर्यंत काहीही जाणवले नव्हते. मालावर बसलेल्या एका कोरकू मुलाचा पाय गुडघ्याखाली गेला. विम्याचा दावा मंजूर झाला, कर्ज फिटले, फाइल बंद झाली. माझा शेरा त्या फाइलमध्ये तसाच आहे.

मोटारीच्या स्वतःच्या चाकाची हवा गेली तर स्टिअरिंग ओढते, गाडी हेलकावते, सीटखाली खडखड जाणवते. मागे ओढल्या जाणाऱ्या चाकाची अशी कोणतीही खबर चालकापर्यंत येत नाही. हवा कमी झालेला टायर बाजूंनी सतत दुमडतो, त्या दुमडण्याने तापतो, आणि तापून फुटतो. फुटलेल्या टायरच्या चिंध्या मग कॅराव्हॅनचा तळ आणि गॅसची नळीही फोडू शकतात. एकाच आसाची गाडी असली, तर उरलेले एक चाक तोल सावरत नाही.

म्हणून आम्ही हवा दाखवणारी यंत्रणा घ्यायचे ठरवले, आणि मी बँकेच्या शिस्तीप्रमाणे तीन कोटेशने मागवली.

अशा यंत्रणेचे मुख्य प्रकार दोन. काही मोटारींमध्ये ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून चाकांच्या फिरण्याचा वेग घेतात; हवा कमी झालेले चाक किंचित जास्त वेगाने फिरते, त्यावरून अंदाज बांधतात. कॅराव्हॅनला ही सोय नसल्याने तो प्रकार बाद झाला. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकावर सेन्सर असतो आणि तो रेडिओ लहरींनी चालकासमोरच्या छोट्या पडद्यावर आकडे पाठवतो. यातही टायरच्या आत रिमला बसणारे सेन्सर आणि व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून लावायचे सेन्सर, असे दोन पोटभेद आहेत. आतला सेन्सर तापमान जास्त खरे सांगतो, पण त्याची बॅटरी संपली की टायर उतरवावा लागतो. बाहेरच्याला वारा लागतो, त्यामुळे त्याचे तापमान थोडे कमी दिसते. मात्र त्याची बॅटरी घरी बदलता येते.

पुतण्याने इंटरनेटवरून निवडलेला सर्वांत स्वस्त संच मी पहिल्याच फेरीत नाकारला. त्यात चारच सेन्सर होते. मोटारीची चार आणि कॅराव्हॅनची दोन अशी चाके सहा, स्टेपन्या वेगळ्या. शिवाय कॅराव्हॅनच्या टायरला थंड असताना ५० पीएसआय हवा लागते. केवळ मोटारीसाठी केलेल्या काही सेन्सरांची मोजण्याची मर्यादा त्याच्या जवळच संपते. टायर तापून आकडा वर गेला की ते कुचकामी. आणखी एक गोष्ट, अंतराची. मागच्या चाकापासून चालकापर्यंत मध्ये सगळे पत्र्याचे घर. म्हणून लहर पुढे पोचवणारा जोड-यंत्र असलेला संच हवा.

इशारा कोणत्या आकड्याला वाजावा, यावर आमचा बराच वाद झाला. अमेरिकेत २००० च्या सुमारास टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथला नियम हवा पंचवीस टक्क्यांनी उतरली की दिवा लागावा असा आहे. तोही मोटारींना, ओढल्या जाणाऱ्या गाड्यांना नाही. पन्नासातून पंचवीस टक्के गेले, तर उरतात साडेसदतीस. भरलेल्या कॅराव्हॅनला तोवर फार उशीर झालेला असेल. म्हणून मर्यादा आपल्याला ठरवता येईल असाच संच मी मंजूर केला आणि खालचा इशारा पंधरा टक्क्यांवर, म्हणजे साडेबेचाळीसवर बसवला. आपल्याकडे सक्ती नाही. २०२० च्या नियमदुरुस्तीने एवढेच केले की ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनाला स्टेपनी ठेवली नाही तरी चालते. मी स्टेपनी ठेवायला लावली.

सेन्सर न काढता हवा भरता येईल असा, थोडा जड प्रकार आम्ही घेतला. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये शेवटची ओळ होती : रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे व्हॉल्व्ह बसवणे. खर्च किरकोळ होता, पण त्यासाठी टायर उतरवावे लागणार. 'अनावश्यक' म्हणून ती ओळ मीच लाल शाईने खोडली.

जानेवारीच्या एका पहाटे अमरावतीहून निघालो. हवेत तेरा अंश. चाके थंड असताना दोन्ही मागच्या टायरांत बरोबर पन्नास हवा भरली. परतवाड्याला पोचेपर्यंत दोन्ही आकडे पंचावन्न झाले होते, आणि ते योग्यच होते. चाललेला टायर तापतो, हवा प्रसरण पावते. तापलेल्या टायरची हवा आकडा जास्त दिसतो म्हणून कमी करू नये. व्यापारी वाचकांसाठी सांगतो : थंड आकडा हा ताळेबंद, धावता आकडा ही दिवसाची रोकड. दुपारच्या गल्ल्यावरून कोणी भांडवल काढून घेत नाही.

कॅराव्हॅन परतवाड्याला एका स्नेह्यांच्या जिनिंगच्या आवारात ठेवून आम्ही मुक्तागिरीला जाऊन आलो. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर; पण मध्ये राज्य बदलते, क्षेत्र बैतूल जिल्ह्यात येते. वहिनींनी पायऱ्या हळूहळू, कोणाचा हात न धरता चढल्या. बावन्न मंदिरांच्या त्या पांढऱ्या शिखरांमध्ये वेळेचे भान राहत नाही. परत येऊन कॅराव्हॅन जोडेपर्यंत साडेतीन वाजले.

पडद्यावर डावे चाक ५३, उजवे ५१. "उजवे सावलीत होते, काका," पुतण्या म्हणाला. मी मान हलवली, पण मनात नोंद केली.

धामणगाव गढीवरून जाणारा रस्ता जवळचा. मागे घर जोडलेले असल्याने आम्ही धारणीकडे जाणारा घटांगचा रस्ता धरला. परतवाडा सोडले की थोड्याच वेळात वऱ्हाडची सपाट काळी जमीन संपते आणि सातपुड्याचा हा गाविलगडचा पदर सुरू होतो. सागाची पाने जानेवारीत तांबूस होऊन गळायला लागलेली. मोटारीचे इंजिन कण्हत होते. मी पडद्याकडे पाहत होतो. डावे ५७, उजवे ५२. पुढच्या वळणांनंतर डावे ५७, उजवे ४९.

इशारा वाजला नव्हता, आणि वाजणारही नव्हता. साडेबेचाळीसपर्यंत यायला अजून अवकाश होता. गळती मंद होती, त्यामुळे वेगाने हवा जाण्याचा वेगळा इशाराही गप्प. मात्र दोन्ही चाकांवर सारखे ओझे, सारखे अंतर, सारखा रस्ता असताना आकडेही जोडीनेच चढायला हवेत. तापलेल्या टायरमध्ये आठचा फरक म्हणजे गळती आहे आणि उष्णतेने ती झाकली आहे.

"थांबव," मी म्हणालो.

"काका, सेन्सर नवा आहे, चुकत असेल. सहाच्या आसपास सूर्य जातो. आईचे जेवण राहील."

वहिनी मागच्या सीटवर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "राहिले तर राहील. आधी चाक पाहा."

घटांगला सपाट जागा पाहून गाडी उभी केली. हातातल्या साध्या मीटरने उजव्या चाकाची हवा ४८ दाखवली. सेन्सर खरे बोलत होता. पाण्यात साबण कालवून व्हॉल्व्हवर ओतला, तर रिमला लागून, रबराच्या मुळाशी, बारीक बुडबुडे येत होते. जड सेन्सर चाकाबरोबर फिरताना रबरी देठाला सारखा हिसके देत होता आणि देठ मुळाशी चिरला होता. गळती सांगणाऱ्या यंत्रानेच ती गळती केली होती, आणि तो धोका टाळणारी ओळ मी लाल शाईने खोडली होती. पुतण्या काही बोलला नाही. तो जॅक काढायला गेला.

जॅकवर चढवलेल्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसू नये, म्हणून वहिनींनी आधीच दशम्या, मेथीची भाजी आणि पाण्याचा तांब्या बाहेर काढून घेतला. रस्त्याच्या कडेला सतरंजी पसरून त्यांनी साडेपाचच्या आत जेवण उरकले, आम्हालाही वाढले. चहाच्या टपरीवरचा एक कोरकू तरुण चाकाचे नट आवळायला धावून आला. पैसे त्याने घेतले नाहीत; दशमी मात्र घेतली. त्याला दोन्ही पायांवर उकिडवा बसलेला पाहताना मला काय वाटत होते, ते मी पुतण्याला सांगितले नाही.

स्टेपनीलाही रबरी व्हॉल्व्ह होता, म्हणून तिला साधे टोपण लावले आणि वाटेत दोनदा थांबून हाताने हवा तपासली. अंधार पडता पडता चिखलदऱ्याला पोचलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गारठा सहा अंशांचा होता. डाव्या चाकाचा आकडा पाहिला, तर पुन्हा पन्नास! पुतण्या चकित झाला. थंडीने हवा आकसायला हवी होती. मी कागद घेतला. सात अंश थंडीने सुमारे दीड पीएसआय कमी होतात. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर, चिखलदरा सुमारे अकराशेवर. एवढे चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब सव्वा पीएसआयने घटतो, आणि मीटर आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच दाखवत असल्याने तेवढा आकडा वाढतो. जमा-खर्च जवळपास जुळला.

वहिनींनी चिखलदरा मनसोक्त पाहिला. देवी पॉइंट, भीमकुंड, कीचकाची दरी. भीमाने कीचकाला मारून इथे लोटले, त्या 'कीचकदऱ्या'चे चिखलदरा झाले, ही कथा त्यांना पाठ होती. कॉफीची झाडे दिसली तेव्हा त्यांना विश्वासच बसेना. वऱ्हाडात कॉफी होते, हे त्यांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळले.

गाविलगडाच्या दरवाजापर्यंतच त्या आल्या. तिथे दगडावर बसून त्यांनी माझ्याकडून १८०३ ची हकिगत ऐकली. अडगावच्या लढाईनंतर वेलस्लीला हा किल्ला हवा होता. स्टीव्हन्सनच्या पलटणींनी जड तोफा याच डोंगरांतून, स्वतः वाट पाडत, कित्येक दिवस ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. वहिनींनी विचारले, "त्या तोफांची चाके कोण बघत होते?" मला उत्तर देता आले नाही.

परतताना परतवाड्याच्या पंक्चरवाल्याकडे तिन्ही टायर उतरवून धातूचे व्हॉल्व्ह बसवले. चिरलेला देठ बोटाने वाकवून त्याने मला दाखवला आणि तो जड सेन्सर तळहातावर तोलत विचारले, "एवढे वजन रबरावर लावायला कोणी सांगितले, साहेब?" मी सांगितले, मीच.

तिथून अमरावतीपर्यंत रस्ता सपाट होता. दर थोड्या वेळाने मागून वहिनींचा आवाज येई, "उजवे किती?"

"चोपन्न, वहिनी."

"आणि डावे?"

"चोपन्न."