जात्यावरची पहाट

साठ-सत्तरच्या दशकात ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं, त्यांतल्या अनेकांची झोप जात्याच्या घरघरीनं चाळवलेली असेल. सोप्यातून तो आवाज यायचा, त्यात आजीचा, चुलतीचा सूर मिसळलेला असायचा. वाकळ डोक्यावर ओढून आपण पुन्हा झोपी जायचो, पण ओवी कानात मुरत राहायची.

देवासाठी वेगळी वेळ काढणं त्या बायकांना परवडणारं नव्हतं. दळण होतं, सडा-सारवण होतं, पाणी होतं, चूल होती. देवाला त्यांनी त्यातच बसवून घेतलं.

समोरासमोर दोघी बसायच्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. मोकळ्या हातानं एकीनं जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी सोडायची, त्याला वैरण घालणं म्हणत. वैरण जास्त झाली की पीठ भरड पडायचं. घालायला उशीर झाला की दगडावर दगड घासायचा, पिठात कच उतरायची आणि जेवताना भाकरीतून दाताखाली यायची. त्यामुळे मन जात्यापासून हलवून चालायचं नाही. ओवीही त्या फेऱ्याच्या लयीतच चालायची.

पहिली ओवी देवाची. मग आईबाप, भाऊ, माहेरची वाट, कडेवरचं लेकरू. आणि सासुरवासही. मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. त्यांची भक्ती गोडगोड नव्हती. काल लागलेला बोल आज पहाटे विठ्ठलाच्या कानावर घालायचा, डोळे पुसायचे आणि उजाडताना शेणाची पाटी उचलायची. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईला विठ्ठल दळू लागायचा, यावर त्यांचा पक्का विश्वास. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. वारीला गेलेल्या आज्या त्याला हात लावून यायच्या आणि घरी आल्या की तोच हात आपल्या खुंट्यावर ठेवायच्या.

दिवेलागणीला पुन्हा तसंच. हातपाय धुऊन देवापुढे बसायचं, शुभं करोति, पाढे, मग ताट. जेवताना बडबड केली की आजीची एक नजर पुरायची.

त्या कष्टांचं कौतुक मात्र करू नये. हाताला घट्टे पडायचे, बाळंतीण उठली की तिच्याही वाट्याला दळण यायचं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सगळ्यांत आधी सुटल्या त्या याच बायका, आणि ते फार बरं झालं. पण कष्टांसोबत पहाटेचा तो वेळही गेला. हातात एक काम, ओठांवर देव आणि मनातलं सगळं उघडं, असा वेळ आपण पुन्हा घरात आणला नाही.

ओव्या मात्र पुरत्या गेलेल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून सुमारे १ लाख ओव्या गोळा केल्या. तरी प्रत्येक घराच्या ओव्या वेगळ्या, त्यांत त्या घरची नावं, त्या घरची दुखणी. तुमच्याकडे जात्यावर बसलेली आजी, आत्या, मावशी अजून असेल तर या दिवाळीत तिच्याजवळ बसा. फोन बाजूला ठेवा, तिला म्हणू द्या आणि तुम्ही वहीत उतरवून घ्या.